बटईची चादर

आमच्या घरातली जवळजवळ प्रत्येक मऊ वस्तू हातमोज्यांची होती. टीव्हीवरचं झाकण, दारावरचं तोरण, उशांचे अभ्रे, हिवाळ्यात मी कानांवर ओढायचे ती टोपी. चाकणला मैत्रिणींना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या होत्या. भिलाईत कुणाला सांगावं लागत नाही.

तिथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये कामगारांना पांढरे सुती हातमोजे मिळायचे. बाबा रोलिंग मिलमध्ये फिटर. त्यांचे मोजे तेला-ग्रीसनं काळे होऊन घरी यायचे. आई ते सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकायची, बाहेरच्या नळापाशी दगडावर आपटायची, आणि वाळले की उसवायला घ्यायची. मनगटाची शिवण ब्लेडनं कापली की धाग्याचं टोक हाताशी येतं. मग मोजा उसवत जातो, आधी मनगट, मग तळहात, सगळ्यात शेवटी बोटं. निघालेला धागा शेवयांसारखा कुरळा असतो. तो खुर्चीच्या पाठीला गुंडाळून ओला करून वाळवला की सरळ होतो. काही धाग्यांचा काळेपणा जातच नसे. असला धागा आई चहाच्या पाण्यात उकळून बदामी करायची आणि काठाला वापरायची. क्रोशाची सुई चालवायला ती कुणाकडून शिकली ते तिलाही आठवत नव्हतं.

आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या बायका बहुतेक भंडारा-गोंदियाकडच्या. नवऱ्यांनी शेती सोडून प्लांट धरला म्हणून त्या आल्या, आणि येताना बटई घेऊन आल्या. गावात जमीन एकाची, कसणारा दुसरा, पीक दोघांत अर्धं. भिलाईत मोजे एकीचे, हात आईचे. एका ढिगातून दोन वस्तू करायच्या. पहिली मोजेवालीची, दुसरी आईची. आईच्या वाट्याच्या वस्तू मग कुणाच्या लग्नात, कुणाच्या बारशात जायच्या. दुपारी व्हरांड्यात ह्या बायकांचं शेतीसारखंच बोलणं चालायचं.

"यंदा पीक कसं हाये वो?"

"बरं हाये. तुह्या नवऱ्याचे मोजे त कोरेच हायेत बाप्पा. ड्युटीवर काम करते का झोपा काढते?"

मी ह्या बायकांमध्ये बसायला लागले ती आठवीत माझी शाळा कायमची सुटल्यावर. शाळा हिंदीची होती. भाषा येत होती, अभ्यासही होत होता, पण सरांनी नाव घेतलं की येणारं उत्तरही तोंडातून निघायचं नाही. परीक्षेत हाताला इतका घाम यायचा की उत्तरपत्रिकेचा कागद भिजून फाटायचा. आठवीची वार्षिक परीक्षा मी दिलीच नाही. फाटकापर्यंत गेले आणि परत आले. बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी बसव. आई म्हणाली, "लेकरू भेऊन राहिलं. आधी त्याले जेवू द्या, झोपू द्या. शाळा कुठी पळून नाई चालली." पुढच्या वर्षीही मी गेले नाही. आईनं त्यावरून मला कधी एक शब्द ऐकवला नाही, कुणाला ऐकवूही दिला नाही. माझ्या हातात सुई दिली. माझे टाके पाहून मात्र ती हसायची. "काऊन वो एवढं आवळतेस? सैल सोड. धागा काही चोर नाई." मला सैल विणता आलं नाही. आजही येत नाही.

लग्न होऊन मी चाकणला आले. इथे कामगारांच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटते. मराठी लिहायला मी इथेच शिकले, दुकानांच्या पाट्या आणि मुलीची पुस्तकं वाचता वाचता. आई होती तोवर वर्षातून एकदा भिलाईला जायचे, दोनदा जमलं तर नशीब.

ती गेल्याचा दादाचा फोन आला तेव्हा माझे हात पिठात होते. बीपी वाढलं, सकाळी उठलीच नाही, असं त्यानं सांगितलं. मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बाबांनी स्मृति नगरात बांधलेल्या घराच्या ओट्यावर दिवा होता आणि आईची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. आईचं तोंड पाहायला मिळालं नाही, हे मी कुणाला बोलले नाही. सगळे इतके थकलेले होते.

तेरवी झाली. त्याच संध्याकाळी वहिनीनं आईची खोली आवरायला घेतली. वहिनी दुर्गच्या पद्मनाभपुरातली, तिचे वडील कचेरीत होते. मनानं चांगली, कामाला झपाट्याची. मागे आई आजारी होती तेव्हा रायपूरहून येऊन तिचे पाय वहिनीनंच चेपले, हे मी विसरणार नाही. बाबा आता दादा-वहिनीसोबत रायपूरला राहणार होते, घर भाड्यानं जाणार होतं, म्हणून आवरणं भाग होतं. जुन्या साड्या, चपला, दोन ब्लँकेटं तिनं एका बाजूला काढली. गेलेल्याच्या नावानं दान केलं पाहिजे, ते तिनं रीतीप्रमाणे केलं.

मी कोनाड्यातल्या बारीकसारीक वस्तू काढत होते. आईचा चष्मा होता, एक काडी तुटलेली, तिथं हातमोज्याचा धागा गुंडाळलेला. आणि एका पत्र्याच्या डबीत गुडाखू. दातांना लावायची ती काळी तंबाखू. भिलाईच्या शेजारणींकडून ही सवय लागली होती आणि आईनं ती आम्हा सगळ्यांपासून लपवली होती, असं तिला वाटायचं. सकाळी नळापाशी पाठ करून ती बोटानं दात घासायची, बाबा आतून ओरडायचे, "झाली का पूजा?" मी डबी उघडली. गुळाचा आणि तंबाखूचा तो उग्र वास आला आणि मला खाली बसावं लागलं.

"ताई, अरे, पानी दूँ?" वहिनी धावत आली. मी नको म्हणून मान हलवली. तिनं माझ्या हातातून डबी काढून घेतली नाही. थोडा वेळ माझ्या शेजारी बसून राहिली. मग उठून पेटी उघडली आणि आतून एक मोठी घडी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

चादर होती. पलंगभर, पांढरी, मधे आईच्या हातच्या जाळीची फुलं. तीन बाजूंना काठ झाला होता. चौथी बाजू उघडी, आणि तिथून एक धागा निघून गुंड्याकडे गेला होता. सुई काठात तशीच अडकवलेली. दुसऱ्या दिवशी पुढचा टाका घालायचा म्हणून ठेवलेली.

"ही तुम्हीच न्या," वहिनी म्हणाली. "मले तर ये सब येत नाई. तुम पूरा कर लेना." आणि तिनं ती घडी स्वतः माझ्या बॅगेत, अगदी तळाशी, माझ्या साड्यांखाली ठेवली. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. आईच्या तोंडाऐवजी निदान आईचा शेवटचा टाका माझ्याकडे येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आल्या. प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरात त्या आमच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या. नंतर दोन्ही घरांनी स्मृति नगरात एका गल्लीच्या अंतरानं घरं बांधली. त्यांचे यजमान क्रेन ऑपरेटर होते, आईच्या वर्षभर आधी गेले. काकू तेरवीला होत्या, पण तेव्हा काही बोलल्या नव्हत्या. आता दारातच उभ्या राहिल्या, धापा टाकत.

"माय वो, त्या समोरच्या बांधकामावर पायलं का? मजूर माह्या माणसाचे मोजे घालून विटा उचलून राहिले."

आम्हाला कुणालाच कळलं नाही. बाबा पलंगावर बसले होते. मिलच्या आवाजानं त्यांचे कान गेलेत, म्हणून ते सगळ्यांशी ओरडून बोलतात. "काय म्हणते? कोण पडलं?"

"कोणी नाई पडलं, भाऊजी! मोजे! मोजे!" काकूंनी आपले दोन्ही पंजे त्यांच्यासमोर नाचवले.

वहिनीचा चेहरा उतरला. आईच्या पलंगाखाली एक पोतं होतं, जुन्या हातमोज्यांचं. तिनं कपड्यांबरोबर तेही काल समोरच्या मजुरांना देऊन टाकलं होतं. तिच्या माहेरी कुणी प्लांटमध्ये नव्हतं. पोतंभर जुने मोजे कुणी जपून ठेवतं, हे तिला कसं कळणार?

"काकू, मले खरंच माहीत नव्हतं. मले वाटलं, बेकार पडले हायेत. मैं अभी वापस लाती हूँ..."

"थांब, थांब." काकूंनी तिचा हात धरला. "मनगटावर निळा मासा काढेल होता ना, म्हून ओळखू आले. हे आपले मोजे दुसऱ्यात जाऊ नये म्हून मासा काढत होते. दान देलं त देलं. त्या पोराईचे हात सिमेंटनं सोलून राहिले. घालू दे त्याईले." मग त्या खुर्चीवर बसल्या. पदरानं तोंड पुसलं. "पण मग माहं काय राह्यलं?"

त्या सांगत गेल्या तसं मला सगळं कळलं. क्रेनच्या केबिनमध्ये मोजे फारसे मळत नाहीत, त्यामुळे त्यांच्या घरी वर्षानुवर्षांचे जोड साठले होते. यजमान गेल्यावर त्यांना ते डोळ्यांसमोर नको झाले. पोतं उचलून आईकडे आणून टाकलं आणि म्हणाल्या, उसव बाई, काहीही कर, मले दिसू नको देऊ. आईनं बटईनं घेतलं. त्या पोत्यातून दोन चादरी व्हायच्या होत्या. आता पोतं गेलं होतं, आणि जे उसवून झालं होतं त्याची एकच चादर होती. माझ्या बॅगेतली.

"तेव्हा नको नको वाटत होतं," काकू म्हणाल्या. "आता वाटते, हातानं धरण्यासारखं काईतरी असावं."

वहिनी माझ्याकडे पाहत होती. ती चादर तिनेच मला दिली होती, आता तिनेच ती कशी काढून घ्यावी? बोलायचं मला होतं. मला म्हणायचं होतं, काकू, मला हवी आहे. तुमच्याकडे त्यांचा फोटो आहे, सायकल आहे, घर आहे. मी आईचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. पण आठवीत फाटकापर्यंत जाऊन परत आले होते, तसंच झालं. आणि बोलले असते तरी काय, काकूंचं तरी काय चुकत होतं?

मी आत गेले, बॅग उपसली आणि चादर आणून त्यांच्यासमोर ठेवली.

"हे काय हाये?" बाबा ओरडले. वहिनीनं त्यांच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पह्यली मालकिणीची असते. तुह्या आईनं कदी बटई मोडली नाई." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, पण शेवटी फाटला.

काकूंनी घडी उलगडली. गुंडा जमिनीवर गडगडला आणि त्याच्या मागून, धाग्याला लटकून, काहीतरी पांढरं बाहेर आलं. आईनं उसवायला घेतलेला शेवटचा मोजा होता तो. मनगट गेलं होतं, तळहात गेला होता. फक्त चार बोटं उरली होती, एकमेकांना धरून. मनगटच उसवल्यामुळे त्यावर मासा नव्हता. काकूंना मासा लागलाही नाही. त्यांनी आपली बोटं त्या बोटांत घातली. मोजा मोठा होता, त्यांच्या बोटांच्या टोकांपुढे रिकामा लोंबत होता.

वहिनी स्वयंपाकघरात गेली, चहा ठेवल्याचा आवाज आला.

"पुरी करून देशील का वो?" काकूंनी मला विचारलं. "मले त सुई धरता येत नाई. अशी उघडी राह्यली त तुह्या आईचा जीव अडकून राहीन."

मी हो म्हटलं. माझं परतीचं तिकीट रविवारचं होतं, म्हणजे काही दुपारी होत्या. खोटं कशाला सांगू, मला ते बरंच वाटलं. चादर तेवढे दिवस तरी माझ्या मांडीवर राहणार होती.

आईची खुर्ची मी भिंतीकडून वळवली आणि व्हरांड्यात ओढली. सुई होती तिथूनच पुढे सुरू केलं. साखळी, खांब, साखळी, खांब. आईचे टाके मोकळे, गव्हाच्या ओंबीसारखे फुललेले. माझे लहान आणि दडपलेले. काठ जिथं तिचा संपतो आणि माझा सुरू होतो ते आंधळ्यालाही कळेल. मी उसवून पुन्हा सैल विणायचा प्रयत्न केला. दोन-चार टाके सैल आले की हात आपोआप पुन्हा आवळायचा. शेवटी सोडून दिलं.

काकू रोज दुपारी यायच्या, वेताचा मोढा ओढून बसायच्या. पहिल्या दिवशी आम्ही दोघी अवघडलेल्या होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मेसमध्ये किती माणसं जेवतात वो?"

"शंभरेक."

"बस? तुही माय त तीनशे सांगे." त्या हसायला लागल्या. "सगळ्या गल्लीले सांगत फिरे. माही पोरगी तिकडं रोज तीनशे माणसाले जेवू घालते. कोणी आपल्या लेकाच्या नोकरीचं सांगितलं का हिचे तीनशे तयारच."

मला हे माहीत नव्हतं. फोनवर आई मला फक्त विचारायची, जेवलीस का, हात भाजला नाही ना. माझ्या कामाबद्दल ती काय विचार करते, हे विचारायची मला कायम भीती वाटली. शाळा सोडलेली पोरगी, दुसऱ्यांच्या पोळ्या लाटणारी. आणि ती मात्र माझ्या पोळ्या वाढवून वाढवून सांगत होती. माझे डोळे भरले आणि टाका चुकला. काकूंनी गुंडा हातात घेऊन थोडा धागा सैल करून दिला, जणू तेवढंच त्यांना करता येत होतं.

"रागावली नाईस ना माह्यावर?" त्यांनी हळूच विचारलं. "मले समजते. तुले पाह्यजे होती."

मी मान खाली घालून विणत राहिले. नाही म्हणणं खोटं झालं असतं.

शनिवारी गुंडा संपला. चौथ्या बाजूचा काठ वीतभर राहिला होता आणि पुढचा धागा थेट त्या चार बोटांतून येणार होता. मी एक बोट हातात धरलं. ओढलं असतं तर भरकन उसवलं असतं, काठ पुरा झाला असता, धागा उरलाही असता. मी काकूंकडे पाहिलं.

त्यांनी बोटांकडे पाहिलं, मग काठाकडे.

"तुह्या आईनं उसवलीच असती," त्या म्हणाल्या.

"हो."

"मंग?"

मी सुई काढली. शेवटचा वेढा ओढून बारीक गाठ मारली, पण धागा कापला नाही. "राहू द्या," मी म्हणाले. "असंच असू द्या."

काकूंनी मोठ्यानं श्वास सोडला. मग आम्ही दोघींनी मिळून चादर झटकली, चार कोपरे धरून घडी केली, एकमेकींकडे चालत गेलो आणि माझ्या हातातली टोकं मी त्यांच्या हातात दिली. एका कोपऱ्याला चार बोटं लोंबत होती. काकूंनी ती आत दुमडली.

"पण तुही दुसरी राह्यली ना पोरी," त्या म्हणाल्या. "अर्धी त तुमची होती. पोतंच गेलं, आता कशातून करशीन?"

बाबा आतून ओरडले, चहा द्या म्हणून. वहिनीनं आम्हा दोघींना आधीच दिला होता.

मी चष्मा आणि डबी घेऊन परत आले. डबीचं झाकण घट्ट लावलं आहे. उघडत नाही, वास उडून जाईल अशी भीती वाटते. घर भाड्यानं गेलं. बाबा रायपूरला आहेत, फोनवर ओरडून बोलतात आणि मला काय म्हणायचं ते त्यांना ऐकू येत नाही. भिलाईत आता आमचं कुणी नाही. तरी मी फोन करते तो काकूंना.

पहिल्याच फोनला मी विचारलं, चादर अंथरली का. त्या म्हणाल्या, पेटीत ठेवली आहे. "अर्धी तुही हाये ना वो. तुह्या अर्ध्यावर मी पाय पसरून कशी झोपू? तू ये, मंग अंथरू."

मी म्हणाले, दिवाळीत येते. दिवाळीत मेसला सुट्टी मिळाली नाही. उन्हाळ्यात मुलीची परीक्षा होती आणि नंतर तिकिटं नव्हती. काकूंचे गुडघे गेलेत, आवाजही बारीक झालाय. परवा त्या मधेच थांबून खोकत राहिल्या, आणि मी इकडे फोन धरून उभी, पोळी तव्यावर करपत होती. मी म्हणाले, काकू, अंथरा ना आता. माझं अर्धं धरू नका. वापरली की ती मऊ होईल.

त्या हो म्हणाल्या. अंथरते म्हणाल्या. त्यांनी अंथरली नाही, हे मला माहीत आहे.